पानाच्या डब्यातलं पिस्तूल

बराकपूरला मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्याच्या मागच्या दारापासून चार पावलांवर एक तळं होतं. बँकेनं माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा मुलगी दहावीत होती, म्हणून ती आणि तिचे बाबा नाशिकलाच राहिले आणि मी एकटी आले. सकाळच्या गाडीनं सियालदा, तिथून बसनं एस्प्लनेडची शाखा, संध्याकाळी उलटा प्रवास. घरी आल्यावर मुलीला फोन करायचा. ती अभ्यासात असली की "आई, नंतर बोलू" म्हणायची आणि मग माझी संध्याकाळ संपता संपायची नाही.

खाली घरमालकीणबाई राहायच्या, त्याही एकट्याच. सत्तरी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, सगळं आयुष्य मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेलं. मी त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे आणि त्या मला बौमा, म्हणजे सूनबाई. माझी हिंदी आणि त्यांची बंगाली यांच्यामधून वाट काढत आम्ही बोलायचो. त्यांच्या बैठकीत आईवडिलांचे हार घातलेले फोटो होते. शेजारी एका तरुण मुलाचा फोटो होता, त्याला मात्र हार नव्हता. तो माझा दादा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मीही पुढे विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी थंडी सरताना नगरपालिकेनं तळ्यातला गाळ काढायला घेतला. पंप लावून पाणी उपसलं, जलपर्णीचे ढीग काठावर रचले, आणि माणसं फावडी घेऊन चिखलात उतरली. रविवार होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली एकदम गलबला झाला आणि सगळे एका जागी जमले. मी जिना उतरून गेले तेव्हा मासीमा मागच्या पायरीवर आधीच उभ्या होत्या.

चिखलातून एक पितळेचा डबा निघाला होता, हिरवा पडलेला. कामगारानं फावड्याच्या टोकानं झाकण उचकटलं, आत बघितलं आणि डबा तसाच खाली टाकून तो मागे सरला. आत गंजून गोळा झालेलं पिस्तूल होतं. गल्लीतल्या क्लबच्या पोरांनी मोबाईलवर फोटो काढले, कुणीतरी ठाण्यात फोन केला, आणि थोड्या वेळानं पोलीस येऊन दोन्ही वस्तू घेऊन गेले. असली हत्यारं या भागातल्या तळ्यांत अधूनमधून सापडतात, कुणाची ते कळत नाही, असं लोक बोलत होते. गर्दी पांगल्यावर मासीमांनी माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

फळीवरून त्यांनी एक पितळेचं गोल तबक काढलं. त्यात छोट्या वाट्या जोडलेल्या होत्या आणि वाट्यांत जिरं, मेथी, कलौंजी होती. मी ते रोज बघत आले होते.

"हे त्या डब्याच्या आतलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचा पानाचा डबा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दादा कॉलेजात होता. त्या काळी, पन्नासेक वर्षांपूर्वी, इथली कितीतरी हुशार पोरं घरदार सोडून क्रांती करायला निघाली होती, तोही त्यांच्यात ओढला गेला. एका संध्याकाळी तो जेवला, मागच्या दारानं बाहेर पडला आणि परत आला नाही. त्याच दिवशी आईचा पानाचा डबा नाहीसा झाला. आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची, चोर कसला वेडा, डबा नेला आणि आतल्या वाट्या ठेवून गेला. त्या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या मनातच आला नव्हता. काही महिन्यांनी एक अनोळखी माणूस निरोप घेऊन आला. बिहारच्या एका गावात पोलिसांशी गोळीबार झाला, त्यात तुमचा मुलगा गेला, शेवटपर्यंत त्याच्या हातात पिस्तूल होतं, असं त्यानं सांगितलं. वडिलांनी श्राद्ध केलं. आईनं फोटोला हार घालू दिला नाही.

"हातात पिस्तूल होतं म्हणाला तो," मासीमा म्हणाल्या. "आणि ते तर इथं होतं, आमच्या तळ्यात."

तो दुसरं मिळवू शकला असता, हे माझ्या मनात लगेच आलं. त्यांच्या मनातही आलं असणार, त्या काही भाबड्या नव्हत्या. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला ते बोलवेना. मला त्या उजेडाची भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्यात जायचं होतं. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, परक्या गावात पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस. त्याचं काही चूक नव्हतं. तरी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर टोटोत, इथल्या बॅटरीवरच्या रिक्षात, बसले. तबक त्यांनी पिशवीत, साडीच्या तुकड्यात गुंडाळून घेतलं होतं.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणालाच कळलं नसतं. आता का सांगता?"

"ते बेवारशी नाही म्हणून," मासीमा म्हणाल्या. "माझ्या दादाचं आहे."

त्यानं नाव विचारलं. त्यांनी दादाचं पूर्ण नाव सांगितलं, वर्गात हजेरी घेतात तसं, स्पष्ट. एवढ्या महिन्यांत मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

पिस्तूल हातात घेऊन बघू का, असं त्यांनी विचारलं. आत गोळी असली तर, म्हणून त्यानं नाही म्हटलं. पण आतून दोन्ही वस्तू आणवून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवल्या. मासीमांनी पिस्तुलाकडे एकदा पाहिलं आणि त्यांची नजर डब्यावर गेली, ती तिथून हललीच नाही. त्यांनी पिशवीतून तबक काढलं. अधिकाऱ्यानं ते स्वतः घेऊन डब्यात बसवून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या चिखलात डब्याच्या काठांवर हिरवी पुटं चढली होती, तबक तिरकं होऊन निम्म्यात अडकलं. पण ते त्याचंच होतं, यात शंका नव्हती. त्यानं ते सोडवून मासीमांच्या हातात दिलं. मग म्हणाला, जुनी कागदपत्रं बहुतेक उरलेली नाहीत, तरी मी शोधतो. पिस्तूल नष्ट केलं जाईल. डबा कोर्टाच्या परवानगीनं मिळू शकेल, वेळ लागेल.

बाहेर आल्यावर मासीमांना घरी जायचं नव्हतं. आम्ही नदीच्या घाटावर जाऊन बसलो. त्या दादाबद्दल बोलत राहिल्या. त्याला कारलं आवडायचं नाही, तो त्यांच्या वहीत नकाशे काढून द्यायचा आणि त्यात मुद्दाम एक नदी चुकवायचा. ते ऐकताना मला मुलीचा आवाज ऐकावासा वाटला. फोन केला, तो लागला नाही.

कागदपत्रं सापडली नाहीत. त्यानंतर मात्र मासीमा दुपारी स्टेशनवर जायला लागल्या. आधी मला ते शेजारणीकडून कळलं, मग एका संध्याकाळी गाडीतून उतरले तर त्या फलाटावरच्या बाकड्यावर अजून बसलेल्या दिसल्या. मी शेजारी जाऊन टेकले.

"वडिलांना चाळिशीतच टक्कल पडलं होतं," त्या म्हणाल्या. "दादालाही पडलं असणार. फोटोतल्यासारखा शोधून उपयोग नाही."

समोर गाडी रिकामी होत होती. ऑफिसातून परतणारी माणसं, भाजीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं. मीही बघायला लागले. दोन टक्कल पडलेले म्हातारे उतरले, एकजण काठी टेकत जिन्याकडे गेला, दुसऱ्याला न्यायला नातू आला होता. मासीमांनी दोघांनाही दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग पदर सावरून उठल्या. आम्ही बाजारातून वांगी घेतली आणि घरी आलो.

या उन्हाळ्यात माझी बदली परत नाशिकला झाली. रविवारी मी त्यांना फोन करते. तळं पुन्हा भरलंय, नगरपालिकेनं त्यात मासे सोडलेत, डबा अजून आलेला नाही. परवा त्या म्हणत होत्या, ऊन फार आहे, दुपारची स्टेशनवर जात नाही. हल्ली पाचच्या गाडीला जाते.