नाकातला मणी

मुलांच्या दवाखान्यात तिला सगळे कोडताई म्हणत. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक उपचाराला विमा कंपनीच्या यादीतला कोड द्यायचा, हे तिचं काम. जिन्याखालच्या खोलीत बसून ती रोज टाके, गळवं, नखात रुतलेली कुसळं हाताळायची, पण फक्त कागदावर. रक्त दिसलं की तिला भोवळ यायची, म्हणून वरच्या मजल्यावर ती सहसा फिरकत नसे.

एकदा डॉक्टरीणबाईंनी नुसतंच लिहिलं, ‘कानातला खडा काढला.’ भूल देऊन की न देता? दोन्हींचे कोड वेगळे. वर कुणी फोन उचलेना, तेव्हा मनाचा हिय्या करून ती जिना चढली.

वर एक चिमुरडी टेबलाखाली दडून बसली होती. दोन्ही हातांनी नाक गच्च झाकलेलं, आत मणी. डॉक्टरीणबाई चिमटा घेऊन ओणव्या झालेल्या. मुलीच्या बाबांना घाम फुटलेला.

"सकाळपासून नाकीनऊ आणलेत हिनं," ते म्हणाले.

कोडताई खाली फरशीवर बसली. "मी इथली बिलं करते. मुलं नाकात काय काय घालतात, ते मला ठाऊक आहे."

"काय?" टेबलाखालून आवाज आला.

"एकानं खोडरबर. एकीनं बाहुलीचा बूट."

"आणि?"

"एकानं वाटाणा. मग दुसऱ्या नाकपुडीला वाईट वाटेल, म्हणून तिलाही एक दिला."

मुलीनं हसू दाबायला तोंडावर हात घेतले. तोंड बंद, नाक मोकळं. हसू नाकातून फुर्रकन फुटलं आणि मणी शेंबडासकट कोडताईच्या ओच्यात येऊन पडला.

"आता याला कोणता कोड?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हसून पडला, असा कोड नाही. नुसती तपासणी लावते."

"म्हणजे माझं काम तुम्हीच बुडवलंत," असं म्हणत डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. त्या दिवसापासून कुणी मूल हटून बसलं की त्या तिला वर बोलावू लागल्या. पहिल्या टाक्याच्या वेळी तिनं डोळे मिटून मुलाचा हात धरला. कोण कुणाला धीर देत होतं, ते सांगणं कठीण. पुढे डोळे उघडे राहू लागले.

"आमची सून अर्धी डॉक्टर झालीय," सासूबाई शेजारणीला सांगत.

"अहो आई, मी फक्त गप्पा मारते."

"मग? अर्धी म्हटलं ना मी."