राणी माहेरी का गेली नाही

मी पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते आणि तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग सोडत नसे. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला आले तेव्हा आठ वर्षांची नात आयतीच हाती सापडली.

आले होते तीन महिन्यांसाठी. मुलगा इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर, सून गावच्या हॉस्पिटलात नर्स. सून फिलिपिन्सची. परतीच्या बॅगा भरायला घेतल्या आणि करोनामुळे विमानं बंद झाली. मग व्हिसा वाढवत वाढवत वर्ष उलटलं. इथल्या राज्याने बाहेरच्यांना दारं लावून घेतली होती, त्यामुळे आत रोग जवळजवळ नव्हताच. लोक कॅफेत बसून गप्पा मारत, मुलं शाळेत जात, मास्क औषधालाही दिसत नसे. सगळं जग घरात कोंडलेलं असताना मी एका उघड्या गावात कोंडलेली होते. संध्याकाळी फिरायला निघावं तर थोड्याच वेळात गाव संपे आणि पुढे नुसता लाल माळ. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की खिडक्यांच्या काचा थरथरत. बोलायला मराठी माणूस म्हणजे एकटा माझा मुलगा, आणि तो शिफ्टवरून आला की जेवून झोपे.

अशा दुपारी मी नातीला एका राणीची गोष्ट सांगत असे. आमच्या पुस्तकात तिच्यावर जेमतेम अर्धा परिच्छेद होता, पण मी त्यावर दोन तास घालवी. लांबच्या देशाची राजकन्या, लग्नासाठी जहाजातून आणलेली. बंदरावर उतरताच तिच्या सोबतच्या दासी परत पाठवल्या, कपडे बदलले, नावसुद्धा बदललं. दरबारी मंडळी तिच्या तोंडावर त्यांच्या भाषेत तिची टिंगल करत आणि तिला कळत नाही असं समजून चालत. ती गप्प बसून भाषा शिकत होती. राजा शिकारीला गेला आणि तिकडेच आजारी पडून मेला, तर ही बातमी दरबाऱ्यांनी तिच्यापासून लपवली. तिला रोज सांगत, महाराजांना बरं वाटतंय, महाराज येताहेत. तोवर कारभार कोणी बळकावायचा हे त्यांना ठरवायचं होतं. राणीला कळलं तेव्हा तिने लहान मुलाला मांडीवर घेतलं, जाऊन सिंहासनावर बसली आणि तो मोठा होईपर्यंत त्याच्या नावाने राज्य केलं. एक दिवससुद्धा तिला कोणी आपली म्हटलं नाही.

“व्हाय डिडन्ट शी जस्ट गो होम, आजी?” नातीने विचारलं.

“घरी कशी जाणार? मुलगा इथला राजा. त्याला सोडून जाता येत नव्हतं, आणि घेऊन कोणी जाऊ दिलं नसतं.”

“सो शी वॉज स्टक.”

“हो. आपल्यासारखी.”

सून ओट्याशी भाजी चिरत होती. ती हसली. तिला मराठी किती कळतं याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. खरं सांगायचं तर सुनेत आणि माझ्यात फार काही नव्हतं. भांडण नव्हतं, तसं प्रेमही नव्हतं. ती मला आई म्हणे, माझ्या गोळ्या आठवणीने देई, आणि माझ्या वरणात लसूण घाली. मी ते गिळत असे.

मग माझे थोरले दीर गेले. माझा नवरा लवकर वारल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं होतं आणि त्यांना मुलगा नव्हता. त्यांचे दिवस करायला म्हणून माझा मुलगा सरकारची खास परवानगी काढून पुण्याला गेला. पंधरा दिवसांत येतो म्हणाला. तिकडे दुसरी लाट उसळली आणि इकडे भारतातून येणारी विमानं बंद झाली. स्वतःच्या नागरिकालाही घरी घेत नव्हते. मुलगा तिकडे अडकला, आम्ही तिघी इकडे.

एके सकाळी सून हॉस्पिटलातून परत आली, हात धुतले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. “आई, त्याला कोविड झाला. हॉस्पिटलमध्ये आहे, ऑक्सिजनवर. इट्स सीरियस.”

मी विचारलं, “कधी गेला?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय माहीत. आमच्याकडे मेलेल्या माणसाची बातमी कोणी एकदम सांगत नाही. आधी बरं नाही म्हणतात, मग ऍडमिट केलंय म्हणतात, आणि लगेच या म्हणाले की सगळे समजून जातात. माझ्या नवऱ्याच्या वेळी मला असंच गाडीत बसवलं होतं. “वहिनी, चिंता करू नका, डॉक्टर प्रयत्न करताहेत,” असं अख्ख्या रस्त्यात सांगत होते आणि घरी तिरडी बांधून तयार होती.

“आई, ही इज अलाइव्ह,” सून म्हणाली.

“मला खोटं सांगू नकोस.” माझा आवाज चढला. “मी इतिहास शिकवलाय. मला माहिती आहे कसं सांगतात.”

ती वाद घालत बसली नाही. पुण्याच्या वॉर्डात फोन लावला, मीही नर्स आहे म्हणाली, खूप विनवलं. अर्ध्या तासाने तिथल्या सिस्टरने फोन त्याच्यासमोर धरला. तोंडावर मास्क, डोळे खोल गेलेले. त्याने हात उचलला आणि दोन बोटं हलवली. मी पदर तोंडात कोंबला. सुनेने मग मला तिच्या फोनवरचा एक मेसेज दाखवला. माझ्या धाकट्या दिरांनी तिला लिहिलं होतं, आईला कळवू नकोस, बीपी आहे.

“तुम्ही त्याची आई,” ती म्हणाली. “का नाही सांगायचं?”

 मी स्वतःही कितीतरी घरांत ही लपवाछपवी केली होती आणि तिला शहाणपणा म्हणत आले होते.

पुढचे दिवस ती रोज दुपारी मला सगळं सांगे. ऑक्सिजन किती, ताप किती, काय वाईट आहे, काय बरं आहे. वाईट असेल तेव्हा वाईट म्हणे. मी रात्री झोपू लागले, कारण माझ्यापासून कोणी काही लपवत नाही एवढं तरी नक्की होतं.

मग धाकट्या दिरांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे चार-पाच चुलत मंडळी दाटीवाटीने उभी होती. सुनेने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि मला हाताला धरून समोर बसवलं. मला बघून पलीकडे जरा चुळबुळ झाली.

“वहिनी, तुम्हाला कळलंच आहे तर बरं झालं,” दीर म्हणाले. “मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात बेड मिळतोय. माझ्या ओळखीतून. लोक पाया पडताहेत तरी मिळत नाही. एका तासात हो म्हणायचं, नाहीतर बेड गेला. ऍम्ब्युलन्स सांगून ठेवलीय. डॉक्टर नको म्हणताहेत, पण ते म्हणणारच, छोटं हॉस्पिटल आहे.”

माझ्या मनाने तत्काळ हो म्हटलं. मोठं हॉस्पिटल, ओळखीचा बेड, आणखी काय हवं. आम्ही आयुष्यभर गॅसपासून कॉलेजच्या ॲडमिशनपर्यंत सगळं ओळखीनेच मिळवत आलो.

सुनेने इंग्रजीत विचारलं, ऍम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असणार का. दीर म्हणाले, ड्रायव्हर अनुभवी आहे. ऑक्सिजन वाटेत संपला तर? दीर म्हणाले, भरलेला असतो. घाटात ट्रॅफिक लागला तर? दीर आता मराठीत मंडळींकडे वळून बोलले, “हिला कोण समजावणार? परक्या बाईला काय पडलंय.” तिला कळत नाही असं समजून.

ती मराठीत म्हणाली, “मला कळतं, काका.”

“माझा नवरा,” ती सावकाश शब्द शोधत म्हणाली. “हलवायचा नाही. तिथे डॉक्टर चांगला आहे. मी रोज बोलते. मी सांगते, नाही.”

“आणि उद्या काही झालं तर?”

“मी सांगितलं म्हणून झालं, असं सगळ्यांना सांगा.”

दिरांनी तिला बाजूला सारून थेट मलाच गाठलं. “वहिनी, तुम्ही त्याची आई. तुमचा शब्द शेवटचा. हो म्हणा, मी निघतो.”

मला हो म्हणायचं होतं. सून माझ्याकडे बघत नव्हती, मला डोळ्यांनी विनवत नव्हती, नुसती ओट्याची कड धरून उभी होती. मला खरं सांगणारी ती एकटीच होती. पलीकडच्या मंडळींपैकी प्रत्येक जण कधी ना कधी माझ्याशी माझ्या भल्यासाठी खोटं बोलला होता.

“ती म्हणेल तसं,” मी म्हणाले.

दिरांनी फोन बंद केला. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले, कारण माझ्या मुलाला मी माझ्या हाताने मारलं की वाचवलं हे मला माहीत नव्हतं, आणि कळेपर्यंत या गावातून पळून जायलाही जागा नव्हती. सून दुपारच्या शिफ्टला गेली. नातीला मी त्या दिवशी गोष्ट सांगितली नाही.

त्याला बरं व्हायला आठवडे लागले. मध्ये एक दिवस असा आला की सून घरी येऊन म्हणाली, “आज वाईट आहे,” आणि आम्ही दोघी जेवलो नाही. घरात ती कधी रडली नाही. स्वतःच्या आईशी फोनवर बोलायची तेही बाहेर गाडीत बसून, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग एका दुपारी त्याचाच व्हिडिओ कॉल आला. मास्क निघाला होता. दाढी वाढलेली, आवाज खरखरीत. मला केवढं बोलायचं होतं. तू जेवलास का, कुशीवर झोपतोस का, काकांवर रागावू नकोस. तो थोडा वेळ ऐकून घेऊन म्हणाला, “आई, तिला दे ना.”

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी फोन तिला दिला आणि बाहेर येऊन खोलीचं दार ओढून घेतलं.

आत ती रडायला लागली, मोठमोठ्याने, आणि रडता रडता बोलायला लागली. इंग्रजी नव्हतं, मराठी नव्हतं. ती तिच्या आईच्या भाषेत बोलत होती, न थांबता, आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. माझ्या मुलालाही ती भाषा येत नाही. तो पलीकडून नुसता म्हणत होता, “हो गं. हो.”