चार मिनिटांचा पुठ्ठा

आमचे बाबा सिनेमा दाखवतात, असं लोक म्हणायचे. खरं म्हणजे ते सिनेमा झाकायचे. सभागृहात मशीन चालवायला म्हणून ते नोकरीला लागले होते. एरवी भाषणांचे माईक लावायचे, बक्षीस समारंभाचा पडदा ओढायचा, हीच कामं. पण महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी दहा वाजता तिथे फिल्म क्लबचे सिनेमे व्हायचे. परदेशी, बहुतेक काळेपांढरे, संथ, खाली बारीक अक्षरांत भाषांतर पळणारे.

हे सिनेमे परदेशी वकिलातींकडून पत्र्याच्या डब्यांतून यायचे. फक्त सभासदांसाठी म्हणून ते सेन्सॉरने न कापता यायचे, आणि तिथेच क्लबच्या अध्यक्षांना घाम फुटायचा. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं आणि गप्प बसवणं, दोन्ही त्यांना छान जमायचं. "हॉलमध्ये बायकामाणसं असतात," ते म्हणाले, "कापायचं नाही हे ठीक, पण झाकायला कोण नको म्हणतंय?" मग बाबांनी बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि काळं पॉलिश लावून त्याचा पुठ्ठा केला. नको तो प्रसंग आला की तो भिंगासमोर धरायचा. आवाज चालू, चित्र बंद. त्या अंधारात लोक कान टवकारून बसायचे. पुठ्ठ्यामागे जे असायचं त्याच्या दसपट त्यांच्या डोक्यात चालू असायचं. शहरात बाबांचं नाव पडलं 'पुठ्ठेवाले'.

नेमकं कुठे झाकायचं हे ठरवायला शनिवारी दुपारी सिनेमा आधी चालवून बघायचा. डॉक्टर शेजारी बसून "इथे!" म्हणायचे आणि बाबा वहीत लिहायचे. ती वही माझ्याकडे आहे. 'रीळ तीन. ती दार लावते, कडी दोनदा घालते, तिथे सुरू. गाडीची शिट्टी वाजून वाफ खिडकीवर आली की बंद.' एवढं लिहायचं तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. सहा महिन्यांत डॉक्टरांना कंटाळा आला, ते खुर्चीत घोरायला लागले. मग म्हणाले, "तुम्हीच ठरवा हो, तुम्हाला आता कळतं." आणि बाबांना खरंच कळायला लागलं होतं. वहीत झाकायच्या जागांपेक्षा दुसऱ्याच नोंदी वाढत गेल्या. 'माणूस निघून जातो, पण कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. दारापाशीच थांबतो. का?' पुढच्या पानावर उत्तर: 'कारण ती थांबली आहे.'

खोटं कशाला बोलू, मला सिनेमा बघायला बाबांनीच शिकवलं. जेवताना ते मला एकेक शॉट सांगायचे. बोलता बोलता हातातला घास तसाच राहायचा. आई पलीकडे बसलेली असायची, मांडीवर शर्टांचा ढीग घेऊन. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं काजबटणाचं काम ती घरी करायची. दिवसाला तीस शर्ट. बाबा सगळं मला सांगायचे, आईला कधीच नाही. ती मान वर न करता ऐकायची, आणि तिचा हात मधूनच थांबायचा. हे मी बघितलं होतं. बाबांनी बघितलं नव्हतं.

मग तो सिनेमा आला. कुठल्यातरी थंड देशातला, कारखान्यातल्या एका मजुराच्या बायकोचा. शनिवारी बाबा घरी आले ते वेगळेच. चहा गार झाला तरी हात लावेनात. "चार मिनिटं," ते मला म्हणाले, "चार मिनिटं कॅमेरा हलत नाही. ती बाई नवऱ्याच्या कोटाला बटण लावते. कोट खुर्चीवर टाकते, समोर बसते आणि त्याच्याकडे बघत राहते. बस्स. अगं, तिच्या अख्ख्या संसारावर चार मिनिटं कुणी नजर टाकलेली नाही, आणि तो कॅमेरा टाकतो!" त्यांचे डोळे भरून आले होते. मी बारा वर्षांची होते, मलाही रडू आलं.

आईने सुई शर्टात टोचून ठेवली आणि म्हणाली, "अहो, मी येऊ का उद्या?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, सभागृह घरापासून दहा मिनिटांवर होतं, आणि ती हे पहिल्यांदा विचारत होती. बाबा जरा गोंधळले. "ये की," म्हणाले.

तिने शिंप्याचं काम त्याच संध्याकाळी हातावेगळं केलं. सकाळी ठेवणीतले कपडे घातले, बोटांना सुईचे व्रण दिसू नयेत म्हणून तेल चोळलं. तिला सिनेमाचं एवढं नव्हतं. आपला नवरा ज्या बाईसाठी रडला, ती बाई तिला बघायची होती. त्याला काय दिसतं ते एकदा तिलाही दिसायला हवं होतं. वाटेत ती मला म्हणाली, "आलं की हळूच सांग हं, माझं लक्ष दुसरीकडे असलं तर चुकायचं."

हॉल खच्चून भरला होता. आज पुठ्ठ्याचा सिनेमा आहे, अशी आवई कुणीतरी उठवली होती. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. तास गेला, पुठ्ठा काही आला नाही. लोक चुळबुळायला लागले. आणि मग ती खोली आली, टेबल आलं, कोट आला. मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. पडद्यावरच्या बाईने सुईत दोरा ओवला. आई पुढे सरकून बसली.

अर्धं मिनिट शांतता होती. मग खोकले सुरू झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, दोरा संपला का?" आणि हॉल खदखदून हसला. दुसऱ्याने शिट्टी मारली.

पडदा काळा झाला.

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. हॉल एकदम चिडीचूप. लोकांना वाटलं, आलं आपलं! कोट शिवणाऱ्या त्या गरीब बाईला त्यांनी त्या अंधारात काय काय करायला लावलं असेल, देव जाणे. मी मागे वळून मशीनच्या झरोक्याकडे बघितलं. तिथे बाबांचा हात होता, सरळ, जराही न हलणारा. आई काळ्या पडद्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, आता उघडेल. ती चार मिनिटं संपली तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पडदा उजळला. एक ओसाड रस्ता आणि त्यावरून जाणारी सायकल.

घरी आल्यावर तिने ताटं वाढली आणि विचारलं, "का झाकलं?"

"हसत होते नालायक. गाढवाला गुळाची चव काय! असल्यांना दाखवायचं कशाला?"

"मी हसत नव्हते."

बाबा जेवत राहिले. मग ताटातून नजर न काढता म्हणाले, "तुला तरी काय कळलं असतं त्यात."

वाढायचं राहिलं होतं ते आईने वाढलं. मनातून मला बाबांचं पटलं होतं, आणि याची मला आज लाज वाटते. आपल्याला कळतं आणि आईला कळत नाही, यात केवढी मोठी ऐट होती!

त्यानंतर आई कधी सभागृहात गेली नाही. बाबा मात्र सुटलेच. जिथे जिथे त्यांना फार आवडायचं तिथे तिथे पुठ्ठा धरू लागले. शहराने वीस वर्षं जगातले उत्तम सिनेमे पाहिले ते त्यांतलं उत्तम वगळून. क्लब बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी बाबांना शाल घालून भाषण केलं की यांनी आम्हाला बघायला शिकवलं. टाळ्याही झाल्या. बाबांच्या शर्टाचं बटण तुटलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. त्यांनीही पाहिलं नाही. तुटलेलं नसलं की दिसतही नाही.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. "मरायच्या आत तो सिनेमा एकदा बघायचाय," असं ते वर्षभर म्हणत होते. मी खूप शोधलं, आणि मागच्या महिन्यात तो मिळाला, नव्याने धुऊन पुसून स्वच्छ केलेला. टॅबलेटवर घेऊन मी घरी गेले. बाबांसाठी गेले, आईचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. बाबा आत पडले होते. नीट चालतोय ना बघावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लावला आणि नेमकी तीच खोली काढली. आई हात पुसत आली.

"हाच का गं तो?" तिने चष्मा लावला आणि टॅबलेट स्वतःकडे ओढून घेतला.

पडद्यावरची बाई बटण लावायला लागली. आईचे ओठ हलायला लागले. "ही खरीच शिवणारी आहे बरं का. नाटक नाही. बघ, कोटाचं कापड जाड, म्हणून बटणाखाली दोऱ्याला वेढे देतेय. कुणी शिकवल्याशिवाय नाही येत ते." मग ती जरा थांबली. "पण वेढे जास्त देतेय. दोन पुरतात, ही पाचवा घेतेय. तिला ते काम संपवायचंच नाहीये."

मी तो सिनेमा बाबांकडून शंभरदा ऐकला होता. त्यांना वेढे कधी दिसले नव्हते. वहीत होतं, 'बटण लावते.' दोनच शब्द.

घड्याळाची टिकटिक बाबांनी आत ऐकली असावी. काठी टेकत ते आले, धापा टाकत, चेहरा एकदम तरुण झालेला. "अगं, तोच ना? तोच! सरक जरा, बघू दे."

आईने पंजा पसरला आणि टॅबलेटवर आडवा ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला काय कळणार त्यात."

बाबा उभेच राहिले. आईच्या हाताखालून टिकटिक येत होती. तिचा हात सरळ होता, जराही हलत नव्हता. तो बाजूला करणं मला जमलं असतं, पण मी केला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बरोबर तेव्हाच तिने हात उचलला.

"झालं. बसा, बघा आता."

ओसाड रस्त्यावरून सायकल चालली होती. बाबा बसले आणि उरलेला सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. बोटाने मागे नेला की तो मागे जातो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला मागे न्यायला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.