डबीतला कापूस

कपाट आवरताना अत्तराचा कापूस सापडला आणि आई आठवली. आमच्या गावच्या दर्ग्यात कुणा फकिराने पायी आणलेला पैगंबरांचा केस आहे. काचेच्या नळीतला तो केस चांदीच्या डबीत कापसावर ठेवलेला असतो, आणि तो कापूस पणजोबांपासून आमच्या शेतातल्या पहिल्या वेचणीचा जातो. वर्षातून एकदा डबी उघडतात, नवा कापूस घालतात, अत्तराचा वास लागलेला जुना आमच्या घरी येतो. एका वर्षी मी आईबरोबर गेले होते. म्हाताऱ्या मुजावरांनी डबी क्षणभर वर धरली, तोवर आईने हात जोडून डोळे मिटले होते. ते हसून म्हणाले, "अक्का, दरसाल डोया मिटी लेतस. औंदा तरी देखी ल्या." त्यांनी डबी पुन्हा धरली, आईने पुन्हा हात जोडले, डोळे पुन्हा मिटले. ओशाळून म्हणाली, "राहू द्या चाचा, मन्हा कापूस तठे शे ना." घरी येईपर्यंत मात्र तो केस कसा आहे हे तिने मला तीनदा विचारलं, "तू देखा ना? कसा शे?" आता आई नाही. डबी वर आली की मी हात जोडत नाही, दोघींच्या वाट्याचं बघून घेते. घरी आल्यावर "कसा शे?" विचारायला कुणी नसतं.