चैतूभाऊंचं कार्ड

चैतूभाऊ एका वनकार्यालयात रोजंदारीवर होते. दर आठवड्याला सायकलनं जंगलात जायचे, झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतली कार्डं काढून आणायचे आणि कॉम्प्युटरवर फोटो बघत बसायचे. अक्षरओळख नव्हती, पण नुसत्या पट्ट्यांवरून वाघीण ओळखायचे. घरी जाताना सावली तालुक्यातल्या आपल्या गावात सांगायचे, "नाल्याकडं जाऊ नका वो बाई, पिलावाली तिथीच हाये." मग बायका त्या बाजूला मोहफुलं वेचायला जात नसत. हे सांगायचा पगार त्यांना कुणी देत नव्हतं.

मग मी तिथं गेलो, ब्रह्मपुरीचा नेटवर्कवाला. कार्यालयाचं नेटवर्क व्हीपीएननं क्लाउडला जोडायचं होतं. वाघांचा ठावठिकाणा शिकाऱ्यांना कळू नये, म्हणून कार्ड घातलं की फोटो बंदिस्त वाटेनं थेट वर जाणार आणि ज्यांच्याकडे पासवर्ड, त्या साहेबांनाच दिसणार. काम चोख झालं. मला त्याचा केवढा तोरा!

"मले तं काई दिसूनच नाई राह्यलं," चैतूभाऊ म्हणाले.

"तुमी फक्त कार्ड टाका, भाऊ."

"मंग गावात काय सांगू?"

"साहेब सांगतील ना गावाले," असं म्हणून मी हसलोसुद्धा. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मोहाचा हंगाम आला. गावात विचारलं की चैतूभाऊ म्हणायचे, "आता मले मालूम नाई." फुलं काही थांबत नाहीत. एका सकाळी त्यांची बायको सोमारी टोपली घेऊन नाल्याकडं गेली. दुपारी गावकऱ्यांनी तिला चादरीत गुंडाळून आणलं.

चौकशीसाठी फोटो काढून द्यायला मला बोलावलं. साहेबांनी पासवर्ड टाकला. सतरा फोटो होते, वाघीण आणि दोन पिलं. घटनेच्या चार दिवस आधीच वर पोचले होते, आणि एकही कुणी उघडलेला नव्हता. शिकाऱ्यांनीही नाही, साहेबांनीही नाही.

चैतूभाऊ माझ्या मागं उभे होते. त्यांनी फोटोतल्या झाडावर बोट ठेवलं. "हा मोह आमचा. तिच्या सासूपासून आमीच वेचतो."

मी फोटो पेनड्राइव्हवर उतरवू लागलो.

"भाऊ, ह्या फोटूचं कार्ड मीच आणलो होतो ना? खिशात घालून?"

"हो," मी म्हणालो.