तीस इंची दार

वस्ती सुधार समितीच्या अध्यक्षपदी बाईच हवी, असं योजनेच्या कागदात लिहिलेलं होतं, म्हणून समितीतल्या सात पुरुषांनी डोकं लढवून टेपताईला निवडलं. तिच्या गळ्यात कायम मोजायची टेप आणि तोंडात टाचण्या. टाचण्या धरलेलं तोंड बोलणार तरी काय, असा त्यांचा अंदाज. कागद पुढे केला की बाई सही करील आणि पुन्हा मशीनवर बसेल. त्या सात जणांनी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या असतील, पण एवढी घोडचूक नसेल.

टेपताई सोळाव्या वर्षी शिलाईच्या कारखान्यात लागली. पहिल्याच महिन्यात तिथे शाळेच्या साठ चड्ड्या कागदावरच्या मापाने कापल्या आणि साठच्या साठ परत आल्या. कागदावर सगळी पोरं सारखीच असतात, पोट सुटलेलं पोर तिथे दिसत नाही, हे तिला तेव्हाच कळलं. पुढे तिने स्वतःचं दुकान काढलं. दुकान कसलं, घराची पुढची खोली आणि एक मशीन. पण नियम पक्का: आधी अंगावर खडू, मग कात्री. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याने हात वर करायचे, खाली बसायचं, वाकून दाखवायचं. लोक वैतागायचे आणि पुन्हा तिच्याकडेच यायचे.

हा नियम तिने एकदाच मोडला होता. आठ वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या दवाखान्यासाठी लोकांच्या सह्या गोळा करत एक माणूस दारात आला. तिने शिवता शिवता, नकाशाकडे न बघता सही ठोकून दिली. यादीत नववी सही तिची. दवाखाना झाला, चांगला पाच पायऱ्या उंच. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. तीस वर्षं बस चालवलेला माणूस चाकाच्या खुर्चीत बसला, आणि ती खुर्ची काही पाच पायऱ्या चढेना. शेवटी डॉक्टर खाली आले आणि त्यांनी सगळ्या रांगेसमोर, भर रस्त्यात, त्याचा शर्ट वर करून त्याला तपासलं. ड्रायव्हर त्या दिवशी जेवला नाही. टेपताईने त्या नवव्या सहीबद्दल स्वतःला कधीच माफ केलं नाही.

आता नवा दवाखाना मंजूर झाला होता. निधी आला होता, जागा ठरली होती, पायऱ्यांऐवजी उतार होता, शिवाय लुळ्या हातापायांच्या व्यायामाची वेगळी खोली. फक्त अध्यक्षांची सही राहिली होती. इंजिनिअर नकाशा घेऊन आला आणि बोट ठेवून म्हणाला, "ताई, इथे."

टेपताईने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "आधी जमिनीवर काढून दाखवा."

"म्हणजे?"

"केवढा आहे तेवढाच्या तेवढा. त्या मोकळ्या जागेवर, चुन्याने."

इंजिनिअर हसला. "अहो, नकाशा प्रमाणात असतो."

"असू दे. माणसं प्रमाणात नसतात."

घोडं तिथेच अडलं. महिनाअखेरीपर्यंत सही झाली नाही तर निधी दुसऱ्या वस्तीला जाणार होता. दुसऱ्याच दिवशी तिचा धाकटा दीर तणतणत आला. तो गवंडी, आणि या दवाखान्याचं बांधकाम त्यालाच मिळायचं होतं.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? खुर्ची सव्वीस इंच, दार तीस इंच. जातेच ना आत?"

"चालवून बघू."

"माझ्याच भावासाठी होतोय ना दवाखाना?"

"म्हणून तर बघू म्हणतेय, भाऊजी."

दीर दार आपटून गेला. समितीने सभा घेतली, गल्लीने बोलणं सोडलं, दोन गिऱ्हाइकांनी न शिवलेलं कापड परत नेलं. अध्यक्ष झाल्यापासून बाईच्या डोक्यात हवा गेली, असंही म्हणून झालं. टेपताईला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलं वाटलं वाईट. पण तिने चुन्याच्या फक्कीची दोन पोती आणली, सुतळी घेतली, शेजारणीला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि सकाळच्या तीन तासांत अख्खा दवाखाना जमिनीवर आखला. खडूच्या जागी चुना आणि कापडाच्या जागी माती, बाकी काम तेच.

मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा निधीच्या ऑफिसातल्या मॅडम स्वतः आल्या. दिराने अर्ज केला होता की अध्यक्ष बदला. मॅडम गाडीतून उतरल्या आणि चुन्याच्या चार भिंती बुटांखाली तुडवत थेट मधोमध येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग इंजिनिअर, समितीचे सातजण आणि जवळजवळ अख्खी वस्ती.

"ताई, योजना लोकांसाठी आहे," मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "तुमच्या एकटीच्या हट्टापायी ती अडायला नको."

"करते की सही," टेपताई खुर्चीतल्या नवऱ्याला पुढे आणत म्हणाली. "फक्त यांना व्यायामाच्या खोलीत नेऊन दाखवा. रेघ पुसली गेली, तर भिंतीला धडकलात असं धरायचं." आणि तिने खुर्चीची मूठ दिराच्या हातात दिली. "भाऊजी, तुम्हीच न्या."

दीर तोऱ्यात निघाला. मुख्य दार झोकात पार झालं. समितीतल्या एकाने टाळीसुद्धा वाजवली. पुढे तीन फुटांचा बोळ, खुर्ची त्यातून सरळ गेली. व्यायामाच्या खोलीचं दार बोळाच्या डाव्या अंगाला होतं. दिराने खुर्ची वळवली आणि पाय ठेवायच्या पट्ट्या समोरच्या भिंतीवर घासल्या. रेघ पुसली.

"मागे घे," ड्रायव्हर म्हणाला. झटक्यानंतर त्याचे शब्द जड झाले होते, पण हे काम त्याच्या ओळखीचं होतं. "आता डावीकडे काप. आणखी. थांब, मागचं चाक बघ."

मागच्या चाकाने दाराची कड पुसली. दिराने पुन्हा मागे घेतली, पुन्हा कापली. चौथ्या खेपेला बोळाच्या दोन्ही भिंती गायब झाल्या होत्या आणि दिराच्या कपाळावर घाम होता.

"इथे एखादी बस वळवली असती मी," ड्रायव्हर म्हणाला. "ही नाही वळायची."

कुणी तरी हसलं. इंजिनिअर नकाशा उलटसुलट करत म्हणाला, "दार नियमात बसतं, मॅडम. बोळही नियमात बसतो."

"बसतात की दोघं," टेपताई कडाडली. "माझा माणूस तेवढा बसत नाही!"

मॅडम त्या पुसलेल्या चुन्यापाशी आल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "नकाशा बदलायचा म्हणजे फाईल पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरणार. दोन दिवसांत ते होणार नाही. मी प्रयत्न करीन, पण शब्द देत नाही. कदाचित काहीच मिळणार नाही, ताई. हे सगळ्यांना चालेल?"

आठवड्यातून तीनदा नवऱ्याला रिक्षात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाला न्यायचं, ते आणखी किती वर्षं, हे टेपताईइतकं कुणाला ठाऊक होतं?

ड्रायव्हरने बरा हात वर केला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"काहीच नसलं, तर मी घरी असतो," तो म्हणाला. "दार चुकलं, तर मी रस्त्यावर असतो. शर्ट वर करून."

दीर खुर्चीची मूठ धरून तसाच उभा होता. जुन्या दवाखान्याच्या त्या पाच पायऱ्या त्यानेच बांधल्या होत्या, आणि त्या दिवशी रांगेत तोही उभा होता. त्याने मूठ सोडली, पुढे येऊन मॅडमच्या फाईलमधला आपला अर्ज मागून घेतला आणि घडी घालून खिशात टाकला.

"हे मी बांधणार नाही," तो इंजिनिअरला म्हणाला. "दुसरा गवंडी आणलात, तर त्यालाही बांधू देणार नाही. वहिनी, सही करायची नाही."

"करत नव्हतेच," टेपताई म्हणाली.

तिने मंजूर नकाशा बिनसहीचा परत केला. त्यावर वहीचं एक पान ठेवलं. पाच फुटांचा बोळ, साडेतीन फुटांचं दार, स्वच्छ अक्षरात. खाली सही तिची, आणि लगेच तिथेच, दिराची. मग शेजारणीने पेन मागितलं, मग मागून आणखी हात पुढे आले. सातांपैकी चौघांनी केली, तिघे घड्याळ बघत राहिले.

मॅडमनी दोन्ही कागद फाईलमध्ये ठेवले आणि त्या निघाल्या. गाडी सरळ समोर उभी होती, मधे नुसती चुन्याची एक रेघ. त्या रेघेपाशी थबकल्या, वळल्या, आणि मुख्य दारातून बाहेर पडल्या.