पाच दांड्यांचं नेटवर्क

राऊटरवर पाचही दांड्या हिरव्या होत्या आणि फोटो जागचा हलत नव्हता.

धारणीचा बाजाराचा दिवस. आमची डोळे तपासणारी गाडी एका सरकारी इमारतीच्या आवारात उभी होती. शुगरच्या पेशंटच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो गाडीत काढायचा, अमरावतीच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि पेशंट बाजार करून गावी परतायच्या आत उत्तर त्याच्या हातात द्यायचं, असं हे काम. उत्तर उशिरा आलं तर ते सांगणार कोणाला? बऱ्याच गावांत फोनच लागत नाही.

"मॅडम, ह्या बाईले अजून किती बसवू?" फोटो काढणाऱ्या वंदनाताईंनी विचारलं.

त्या होत्या कासदेकर बाई. एका आश्रमशाळेत स्वयंपाक करायच्या. "चावलमधले खडे दिसत नाही आता," एवढीच त्यांची तक्रार होती. त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची जीप चारची.

आमच्या राऊटरमध्ये दोन कंपन्यांची दोन सिम होती, शिवाय तो वायफायही पकडायचा. तिन्हींतलं कोणतं वापरायचं, हा नियम मी लिहिला होता. वायफाय मिळालं तर आधी वायफाय, नाहीतर ज्या सिमचा सिग्नल जोरात ते. अकोल्याच्या ऑफिसात महिनाभर टेस्टिंग झालं होतं आणि सगळं सुरळीत पास. ऑफिसातलं वायफाय चांगलं, मग पास होणारच.

धारणीत त्याने शेजारच्या इमारतीचं वायफाय पकडलं. पहिल्या कॅम्पला आम्हीच हौसेनं पासवर्ड मागून घेतला होता. सिग्नल फुल, कारण भिंतीपलीकडेच त्यांचं मशीन. पण त्या मशीनची पुढची लाईन बंद होती. दांड्या फक्त एवढंच सांगतात की जवळच्या मशीनचा आवाज किती जोरात ऐकू येतो. पुढचा रस्ता चालू आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.

हे समजेपर्यंत तीन वाजले. मी वायफाय बंद केलं. फोटो निघाला, निम्म्यावर गेला आणि पुन्हा शून्यावर आला. आता राऊटर दोन सिममध्ये उड्या मारत होता. ह्याचा सिग्नल जरा वाढला की ह्याच्यावर, त्याचा वाढला की त्याच्यावर. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जाण्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. दर हँडओव्हरला फोटो पहिल्यापासून सुरू.

तेवढ्यात अकोल्याहून सरांचा फोन.

"इथे ऑफिसच्या डॅशबोर्डवर तुमचा सिग्नल तर फुल दिसतोय."

"सिग्नल फुल आहे सर. फोटो जात नाहीये."

"असं कसं होईल?"

"असंच होतंय सर."

"पुढच्या बाजारालाही हेच झालं, तर गाडी अकोल्यात फिरवू. तिथे नेटवर्कचा प्रश्न नाही."

"तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांचाही प्रश्न नाही सर," हे मी फोन ठेवल्यावर म्हणाले. मी चांदूर बाजारची. वडील फुलं विकायचे, घरातली पहिली पदवी माझी आणि पहिली नोकरी ह्या सरांनी दिलेली. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज नेहमी एक दांडी कमीच असतो.

चार वाजता कासदेकर बाई गेल्या. पाचला फोटो कसाबसा गेला आणि साडेपाचला उत्तर आलं. दोन्ही पडद्यांवर रक्त उतरायला लागलंय, ताबडतोब पाठवा. वंदनाताईंनी त्यांचा फोन सात वेळा लावला. सातही वेळा बाई संपर्काबाहेर. शेवटी एका जीपवाल्याजवळ चिठ्ठी दिली.

परतीच्या वाटेवर मी चिडून लॅपटॉप उघडून बसले होते. गाडी चालवणारे सलीमभाई आरशातून बघत होते.

"काय झालं मॅडम? मशीन काहून नाटक करून राह्यली?"

मी जमेल तसं सांगितलं. ते हसले.

"म्या बारा वर्सं परतवाडा-धारणी काळी-पिवळी चालवली. स्टँडवर जो सगळ्यात जोरानं वरडते ना, त्याचीच गाडी सगळ्यात उशिरा निघते. भरली गाडी कायले वरडन? तुमची मशीन आवाज आयकून बसते. शायना पाशिंजर पह्यले पाह्यते, डायवर शिटावर हाये का."

"आणि?"

"अन् एकडाव बसला का उतरत नाही. तुमची मशीन तं हर हारनवर उतरून राह्यली, अन् गठुडं पह्यल्यापासून बांधून राह्यली."

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत त्यावर पूर्ण मार्कही मिळाले होते. नियम लिहिताना मात्र दांड्या मोजल्या. स्वतःचाच इतका राग फार वेळा आलेला नाही.

त्या आठवड्यात नियम नव्यानं लिहिला. दर नेटवर्कवर आधी एक छोटा निरोप पाठवायचा. तो परत आला तरच ते नेटवर्क चालू समजायचं. एकदा बसलं की फोटो जाईपर्यंत उतरायचं नाही, नेटवर्क पारच बंद पडलं तरच. आणि फोटोचे तुकडे करायचे, म्हणजे उतरावं लागलं तरी राहिलेलेच तुकडे पुढे न्यायचे. ह्या वेळी टेस्टिंग ऑफिसात केलं नाही. सेमाडोहच्या जंगलातल्या रस्त्यावर, चालत्या गाडीत केलं.

पुढच्या बाजाराला कासदेकर बाई आल्या, पण अडीचला. शाळेची जेवणं उरकून. चिठ्ठी मिळाली नव्हती. 'पुढच्या बाजाराले या' असं वंदनाताई म्हणाल्या होत्या, म्हणून आल्या. अमरावतीला बोलावलंय म्हटल्यावर त्या तयार झाल्या, पण डॉक्टरांना आजचा फोटो हवा होता. डोळा कुठवर गेलाय ते बघून ते वेळ देणार होते.

राऊटरनं दोन्हींतलं दुबळं सिम निवडलं. एकच दांडी.

लगेच सरांचा फोन. "एकच दांडी दिसतेय. बदला ते."

"फोटो चाललाय सर."

"अहो, पण दुसऱ्याला चार आहेत."

"त्याचा ड्रायव्हर शिटावर नाही सर. दहा मिनिटं थांबा."

सरांना थांबा म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. फोटो सहा मिनिटांत गेला. तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं: उद्या सकाळी लेसरला आणा. वंदनाताईंनी कागद बाईंच्या हातात दिला आणि सलीमभाईंनी त्यांना चारच्या जीपमध्ये पुढची सीट मिळवून दिली.

उजवा डोळा वाचला. डाव्याचं फारसं काही करता आलं नाही. तो आधीचा आठवडा मिळाला असता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

गाडी धारणीतच राहिली. महिन्याभरानं सरांचा पुन्हा फोन आला. कॅम्प बघायला पाहुणे येणार होते. पाचही दांड्या पेटलेल्या दिसतील असं काही करता येईल का?

मी वंदनाताईंना विचारलं. त्यांनी ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी कापली आणि सगळ्या दिव्यांवर लावून टाकली. ती अजून तशीच आहे. आता सिग्नल किती आहे असं कोणी विचारत नाही. फोटो गेला का, एवढंच विचारतात.